ओळखीचा आवाज

परुळेकर काकी टोमॅटोची फांदी घेऊन आल्या
पिशवीत, घट्ट गाठ मारून.
वर्तकनगरच्या गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या डब्यांत
सात रोपं होती. आता पाचांवर ठिपके:
काळे, मोहरीएवढे, भोवती पिवळी कड.
"एवढं जपलं. किडा एक दिसला नाही कधी."

किडा नव्हताच, काकी. भिंगातून बघा,
पानाच्या पाठीवर बारीक ओठ आहेत, हजारो,
श्वासासाठी उघडतात.
परका जंतू अंगाला लागला की
शेपटीच्या एका तुकड्यावरून पान त्याला ओळखतं
आणि तासाभरात ओठ मिटून घेतं.

"मग?"

मग तो दवात बसून राहतो.
कुलूप फोडत नाही.
एक रेणू सोडतो,
पान स्वतःशी बोलतं ना, हुबेहूब तसा.
ओठ उघडतात.

येऊरकडून गार वारा येत होता.
काकींनी पिशवीची गाठ सोडली, पुन्हा मारली.
दिवाळीनंतरचा तो फोन आम्ही दोघी टाळत होतो:
"काकी, मी तुमच्या गावचोच, बँकेत आसय"
आणि सहा आकडे, त्यांनी वाचून दाखवलेले,
चष्मा पुसून, नीट, एकेक.
एक्केचाळीस हजार.
मुलगा म्हणाला होता, एवढं कसं कळत नाही.

मी म्हटलं, पुढचंही ऐका.
आत शिरला की तो पेशीत सुई खुपसून
आपले हस्तक सोडतो, ते पहारेकऱ्यांना मुकं करतात.
काही झाडं पहारेकऱ्यावरही पहारा ठेवतात;
त्याला हात लागला, की ती पेशी
स्वतःला जाळून घेते, शेजारणींसाठी.
आपल्याला दिसतो नुसता तांबूस डाग.

"आणि ज्या कानानं तो आवाज ऐकू येतो,
तो कानच काढून टाकला तर?"

शिक्षण सातवी. हा प्रश्न पडायला
मला प्रयोगशाळेत अकरा वर्षं लागली होती.

काढून पाहिलाय, काकी.
जंतू दाराशीच अडतो, खरं आहे.
पण मग अळ्या येतात,
आणि झाडाला हाक मारता येत नाही स्वतःलाच.
चार दिवसांत देठ उरतात.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग मालवणला फोन लावला, स्पीकरवर,
जिना उतरताना दोन मजले ऐकू येत होतं:
"गो वयनी, वळाखलंस मां?"

फांदी माझ्या टेबलावर.
जाळायची राहून गेली.