आधी कंदील

कॉट नंबर चौदा. मलगोंडा बिरनाळे, वय एकाहत्तर.
थुंकीचा नमुना, मंगळवार, पहाटे पाच.
मिरजेच्या या तळघरातल्या लॅबमध्ये
माणसं अशीच येतात,
झाकण लावलेल्या डबीतून.

बुधवारी प्लेट उघडली.
वसाहती फुगीर, ओल्या, एकमेकींत ओघळलेल्या,
साबुदाण्याची खीर सांडावी तशा.
तारेच्या कडीनं एकीचं टोक उचललं
आणि वर नेत राहिले.
तुटेना.
आई पाक बघायची तसा, दोन बोटांत,
एकतारी झाला की पातेलं खाली.
हा बोटभर ताणला तरी तुटेना.
वहीत लिहिलं: क्लेबसिएला. तार पॉझिटिव्ह.
औषधांच्या रकान्यात खालपर्यंत आर, आर, आर,
तळाशी एकच एस,
तोही मूत्रपिंडाला महाग पडणारा.

साखरच ती.
साखरेची झूल पांघरून बसलेला जीव.
रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात, झोंबतात,
हात निसटतो.
तालमीत अंगाला माती चोळतात, पकड बसावी म्हणून.
हा तेल लावून उतरलाय.
नांगी म्हणावी अशी नांगी नाही त्याला,
सापडत नाही, हेच मुख्य.
तेवढ्यावर फुप्फुसाचा एक कोपरा गेला.

दुसरा नमुना घ्यायला वर गेले.
मास्क बाजूला करून त्यांनी विचारलं, काय घावलं?
म्हटलं, पांघरूण घेतलेला जंतू आहे, काका.
हसले, मग बराच वेळ खोकले.
हरिपूरला पेवात उतरायचे ते,
हळदीच्या पेवात, तीस वर्षं.
"वर माती, आत हळद. उंदीर न्हाई, कीड न्हाई.
पन तोंड उघडलं की लगीच उतरायचं न्हाई, पोरी.
आधी कंदील सोडायचा दोरीनं.
विझला, तर बसायचं काठावर."

शहराचा नाला नदीत पडतो तिथून
मी एक बाटली भरून आणली.
कुणी सांगितलं नव्हतं. रिपोर्टात याला रकाना नाही.
गाळलं, पुन्हा गाळलं,
जंतू अडकतील आणि त्यांचे भक्षक तेवढे पार होतील
अशा चाळणीतून.
बहुतेक फेज त्या झुलीवरच थबकले,
आतलं दार त्यांना सापडलं नाही.
एक मात्र निघाला
ज्याला झूलच दार वाटते.
साखर कुरतडत आत शिरतो.
शुक्रवारी हिरवट प्लेटवर स्वच्छ ठिपके पडले,
प्रत्येकाभोवती धूसर कडं,
चंद्राला खळं पडतं तसं.

तेव्हा आनंद झाला. खोटं कशाला बोलू.

रविवारी त्याच ठिपक्यांच्या आत
बारीक, सपाट, कोरड्या वसाहती.
तार काढून पाहिली. तार नाही.
झूल टाकून दिली होती त्यांनी.
दारच नाही तर शिरणार कुठून?
फेज भोवती तरंगत राहिला,
पत्ता बदललेल्या घराबाहेर पोस्टमन असावा तसा.

मग स्वतःच्याच रक्ताची पाच मिली काढली,
सीरम वेगळं केलं,
त्या उघड्या जंतूंवर घातलं.
तासाभरात निम्मे, तीन तासांनी मोजायला उरले नाहीत.
झूलवाल्यांना त्याच सीरममध्ये काही झालं नाही.
पांघरलं तर फेज खातो,
टाकलं तर आपण.
पण हे परीक्षानळीतलं. शरीरात कुठे काय टाकलं जातं
आणि कधी परत विणलं जातं,
ते मला दिसत नाही.

सोमवारी कॉट चौदावर दुसरं नाव.
सिस्टर म्हणाली, वर हलवलंय, मशीनवर.
मी आणखी काही विचारलं नाही.

उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये दोन कुप्या शेजारी शेजारी:
झूलवाला, उघडा.
दोन्हींवर बिरनाळे.
आज नाल्याचं नवीन पाणी आलंय.
पिपेटच्या टोकावर एक थेंब लोंबतोय,
खाली प्लेट, तोंड उघडं.
मी सोडते
आणि काठावर बसून राहते.