बादलीतला दिवा

केरुबिनने तीन दिवे दिले, चाचणीपुरते.
"सोमवारी परत आण, ओरखडा नको."
एक जड, ज्याची वायर कमरेच्या डब्यात जाते,
एक रुंद झोताचा, दिसायला देखणा, स्वस्त,
एक बोटभर, काळा, मुका.

दुकानाच्या भिंतीवर सगळेच सूर्य असतात.
ग्रांद बेटापाशी ऑक्टोबरात पाणी म्हणजे ताक,
आणि ताकात रुंद झोत म्हणजे
चोर्ला घाटातल्या धुक्यावर मारलेला अप्पर:
रस्ता जातो, पांढरं तेवढं उरतं.

मागच्या रविवारी बुडालेल्या जहाजाच्या पोटात,
सत्तावीस मीटरवर,
त्या पांढऱ्यात मला नौशादचा दिवा ओळखता आला नाही.
तो गोल काढत होता, ठीक आहे? ठीक आहे?
आणि मी दोरीला धरून
उडणाऱ्या गाळाला उत्तर देत होते.

केरुबिन खाली रागावत नाही, वरही नाही.
होडीत संत्रं सोललं, अर्धं मला दिलं.
"अरुंद घे. सुईसारखा.
आणि छातीवर दोन, विझलेले.
बटणाचे नकोत, खोल गेलं की पाणीच बटण दाबतं.
पिळायचे घे.
हातमोजे घालून, डोळे मिटून सापडले पाहिजेत."

पगार बंदराच्या हिशेब खात्यातला.
जड दिव्याची किंमत मी एकदाच वाचली.

रात्री चिखलीच्या घरी न्हाणीघरात बादली भरली,
कारण हे दिवे हवेत तापून मरतात,
पाण्यात ठेवूनच त्यांचं आयुष्य मोजायचं.
खोक्यावर छापलंय चार तास.
दहा वाजून पाच मिनिटांनी लावला.
छत हलायला लागलं,
कोपऱ्यातली पाल दोन पावलं मागे सरली
आणि तिथेच राहिली.

बाराच्या सुमारास बाबा लघवीला उठले. दारात थांबले.
"कोणाला बोलावतेस गो?"

एकवीस वर्षं बार्जवर, सावर्ड्याहून मुरगावला,
मागे लाल मातीचा डोंगर, पुढे काळोख.
ते टॉर्च म्हणत नाहीत, बॅटरी म्हणतात.
त्यांची तीन सेलची होती,
पाणी जाऊ नये म्हणून सायकलची ट्यूब ताणून बसवलेली.
कुठ्ठाळीच्या वळणावर धुकं उतरलं
की समोरून येणाऱ्याला दाखवायची.
"वाट दिसावी म्हणून नव्हे.
वाट नदीला ठाऊक होती."

मी त्यांना आमच्या खुणा सांगितल्या:
सावकाश गोल म्हणजे ठीक,
आडवं, भरभर, म्हणजे संकट.
"आमचंही आडवंच," म्हणाले.
"एकदाच केलं."
पाट ओढून बसले, बादलीकडे बघत.
मी पुढे विचारलं नाही.

बारा सत्तावन्नला झोत अर्धा झाला,
मग दोनदा लुकलुकला,
मग बादलीत नुसतं पाणी.
बाबांनी विजेच्या बिलामागे लिहिलं:
दोन तास बावन्न मिनिटं.
आणि सवयीने, त्याच्याच खाली,
वारा नैऋत्य, मंद.
न्हाणीघराला एक खिडकी, तीही बंद.

सव्वा तासाच्या बुडीला दुपटीहून जास्त.
हाच घेणार, हप्त्यांनी.

घरातला दिवा दोघांपैकी कोणीच लावला नाही.
गाऊनच्या खांद्याला मी तो बोटभर काळा
संध्याकाळपासून अडकवून ठेवला होता.
आधी उजवीकडे चाचपलं. होता डावीकडे.
चिमटीत धरला, पिळला, उलटा पिळला,
मग सुलटा.
बाबांचे पाय दिसले, ओले,
आणि त्यांची बोटं, मोजत असलेली.

"सहा," ते म्हणाले. "फार झाले.
विझव. परत."