गोणपाट

पर्वरीच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं,
खुर्च्या कमी करा, मुलं नाही.
मी वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली
आणि परतीच्या फेरीबोटीत,
रायबंदर ते चोडण, एवढ्याशा पाण्यात
मनातल्या मनात हसूनही घेतलं.

बावीस वर्षं मी संगीत खुर्ची घेतली.
ताटलीवर चमचा वाजवायचा, मध्येच थांबायचं,
जो उरला तो भिंतीला.
बाराखडीच्या तक्त्याखाली
पाठी टेकून टेकून निळा रंग गेलेला
एक पट्टा आहे.
शेवटी एक खुर्ची, एक मूल, एक स्टीलचा पेला.
बाकीचे टाळ्या वाजवायचे.
टाळ्याही मीच शिकवलेल्या.

यंदा पट अकरा.
धड खुर्च्या तीन, त्यातली एक माझी.
म्हणून जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं.
"हे आपलं चोडण. भोवती नदी.
भरती आली की मी पान दुमडणार.
कुणीही बुडायचं नाही."

अकराही जण कडेला उभे.
गौतेश म्हणाला, "बाई, कागदाक पांय लावचो न्हय."
जोवितानं श्रद्धांजलीच्या चौकटीतली म्हातारी पाहिली
आणि हळूच क्रूस काढला.
पुस्तिकेत हे नव्हतं.

मग रेणव्वा,
जूनपासून जिचा आवाज मी हजेरीपुरता ऐकला,
दारापाशी गेली
आणि पाय पुसायला टाकलेलं काजूचं गोणपाट
फरफटत घेऊन आली.
झटकलं. लाल माती, एक चॉकलेटचा कागद,
एक जिवंत गोगलगाय.
गोगलगाय खिडकीत ठेवली. मग पसरलं.

पहिल्या भरतीला सगळे मावले.
दुसरीला कुजबुज सुरू झाली,
"हांगा", "सरक ना", "इल्ली बा".
तिसरीला गौतेशनं धाकट्या लाडूला पाठुंगळी घेतलं,
जोविता एका पायावर, तिची वेणी कुणाच्या तरी मुठीत,
रेणव्वा मधोमध,
तिला किती हात धरून होते मोजता येईना.
तिचा बाप खाजनाचा बांध फुटला की मजुरीला येतो.
चिखलाचा गोळा हातोहात कसा पुढे जातो
तिनं पाहिलं असेल.
किंवा नसेल. मी उगाच जोडते आहे.

चौथीला पडले.
पूर्वा म्हणाली, लाडूमुळे. लाडू रडला.
गौतेशनं पूर्वाला ढकललं.
या खेळानं भांडणं मिटतात
असं मी अहवालात लिहिणार नाही.

पण कुणीच भिंतीकडे गेलं नाही.
तिथेच बसले, गोणपाटाभोवती,
घडी लांब घालायची की चौकोनी
यावर वाद घालत. बराच वेळ.
माझा परिसर अभ्यासाचा तास त्यात गेला.

मग कुणीतरी म्हणालं, "आता बाईसुद्धा."
साडी, गुडघा, वय,
सगळी कारणं सांगून झाली.
उभी राहिले
आणि भरती यायच्या आधीच
बाराही जण खाली.

वर्ग असा जमिनीवरून
मी कधी पाहिला नव्हता.
माझ्या टेबलाच्या खालच्या अंगाला
कर्कटकानं खरवडलेलं, तिरकं,
"सगुण. चवथी."

सगुण.
दर वेळी पहिला बाद.
मला वाटायचं, तो बाहेर अंगणात खेळतो.
ताटली वाजत असायची,
माझे पाय समोर,
आणि तो इथे, आडवा पडून,
अक्षर नीट काढत.

कोणत्या वर्षीचा? आता कुठे असेल?
मी पडून आठवत राहिले.
रेणव्वा गोणपाटाच्या कडा सरळ करत होती.
लाडूनं माझा घोटा हलवला,
"बाई, पांय काडात. उदक येता."