झाकण

बोरॅक्सच्या ट्रकमागे दोरानं बांधून आली ती पिकअप,
ओयाग्वेपासून कालामापर्यंत, दोनशे किलोमीटर,
आणि स्टिअरिंगवर नेलिदा चोके स्वतः.
उतरताना पाय झटकत म्हणाली,
बंद इंजिनाचा ब्रेक म्हणजे दगड दाबणं.

बॉनेट उघडलं. ऑइलची कांडी ओढली.
दुधाळ. कॉफीत साय फेटावी तसं.
हेड गॅस्केट गेलेलं, पाणी तेलात, तेल पाण्यात;
ही दोघं एकदा एकमेकांच्या घरात शिरली
की इंजिनाचं काही खरं नसतं.

वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर.
मीटरवर एकसष्ट हजार तीनशे चाळीस.
जॉबकार्डावर मी आकडा सावकाश लिहिला,
शून्यसुद्धा गोल काढलं.

बाराओनासाहेब काचेच्या केबिनमधून आले
पुस्तिकेतल्या ओळीवर बोट ठेवूनच:
'वाहन सामान्य परिस्थितीत वापरलेले असावे.'
बाई, तुम्ही राहता जवळजवळ चार हजार मीटरवर.
तिथं पाणी लवकर उकळतं.
हा कंपनीचा दोष नाही, उंचीचा आहे.

ती म्हणाली, मी तिथंच जन्मले.

मग जरा थांबून,
आमच्याकडे बटाटे शिजत नाहीत, म्हणून कुकर लावतो.
कुकरचं झाकण सैल झालं
तर डोंगराला कुणी बोल लावत नाही.

मी दक्षिणेचा, चिलोए बेटावरचा.
तिथं धुतलेला शर्ट चार दिवस वाळत नाही.
या वाळवंटात अकरा वर्षं काढली,
तरी नळ ठिबकताना दिसला की पोटात कालवतं.
त्या दुपारी मात्र कुकर डोक्यातून जाईना.
सगळे जेवायला गेले तेव्हा
रेडिएटरचं झाकण काढून टेस्टरवर चढवलं.
वर छापलेलं: एक पूर्णांक एक बार.
काटा शून्य पूर्णांक चारपर्यंत आला
आणि फुस्स.
पुसलं, रबर ओलं केलं, पुन्हा चढवलं.
चार. फुस्स.
आठ हजार पेसोंची वस्तू,
दोन एम्पनादा आणि एका ज्यूसची किंमत.
कुठं पाणी मुरतंय म्हणून सगळी गाडी हुंगली होती मी,
आणि ते मुरत नव्हतंच;
आस्कोतानच्या चढावर
वाफ होऊन, कुणाला न सांगता, निघून जात होतं.

साहेब म्हणाले, झाकण हा झिजणारा भाग.
वॉरंटीत बसत नाही.
मी म्हटलं, झाकण नसेल बसत,
पण झाकणापायी गेलेलं हेड?
ते म्हणाले, फुएंतेस, तू तुझं हेड थंड ठेव.

रिपोर्टात 'कारण' असा एक रकाना असतो.
त्यात त्यांनी पेन्सिलीनं 'उंची' लिहून ठेवलेलं.
मी शेजारी पेनानं लिहिलं: झाकण, ०.४, दोनदा मोजलं.
खाली सही. पुढच्या महिन्यापासून
शनिवारची पाळी माझी झाली, त्याचं काही नाही.

सात आठवडे गाडी ताडपत्रीखाली.
ती दर मंगळवारी बसनं यायची,
कधी सुकं मांस आणायची, कधी नुसतीच बसायची
काउंटरसमोर, पिशवी मांडीवर घेऊन.
काही बोलायची नाही. बाराओनांना तेच जड जायचं.

शेवटी सांतियागोहून पत्र आलं.
दोष मान्य नाही. तरी सद्भावना म्हणून
पार्ट कंपनीचे, मजुरी ग्राहकाची.
सद्भावनेचे आकडे तिनं तीनदा वाचले,
नोटा मोजल्या, आणि वर दोन झाकणं विकत घेतली,
एक लावायला, एक डॅशबोर्डच्या खणात.

सहीसाठी काउंटरवरचं पेन उठेना,
बाराओनांनी खिशातलं, सोनेरी क्लिपचं, पुढं केलं.
सही करून तिनं ते पिशवीत टाकलं आणि गेली.

साहेबांनी मला दोनदा विचारलं पेनाबद्दल.
मी म्हटलं, झिजणारा भाग, साहेब.
वॉरंटीत बसत नाही.