न बघण्याचा सीन

सिनेमावाले आले तेव्हा मोटेलातलं बर्फाचं मशीन बंद होतं.
नऊ माणसं, दोन व्हॅन, एक उसना कॅमेरा
आणि थिया, दिग्दर्शिका,
आईचं घर गहाण टाकून
टोलेडोच्या या हमरस्त्याकाठी सिनेमा करायला निघालेली.
खोली एकशे चौदा. चार रात्री.
भाडं तिने सुट्ट्या नोटांत मोजून दिलं,
मी पावती फाडली.

म्हणाली, वेंडेल, रात्रपाळीच्या कारकुनासाठी नट परवडत नाही,
तूच कर ना. एकच सीन आहे.
माणूस येतो. त्याच्या मागे मुलगी.
तू किल्ली द्यायचीस
आणि बघायचं नाहीस.

मुलीचं काम करणारी नॅटलिन
शॉट नसला की गुडघ्यावर वही ठेवून रसायनशास्त्र पाठ करायची.
त्या माणसाचं काम करणारा
एरवी चर्चच्या मैदानावर पोरांना बास्केटबॉल शिकवतो.
तो आधी दरडावत होता, दातओठ खात होता.
तेव्हा भिंतीला टेकून उभी असलेली लोरेन म्हणाली,
तसं नव्हतं.

लोरेन कोण, मला कुणी सांगितलं नाही.
तिच्यासाठी खुर्ची ठेवलेली असायची,
ती बसायची नाही.

तो ओरडायचा नाही कधी, ती म्हणाली.
फ्रेंच फ्राइज आणायचा,
म्हणायचा, गरम आहेत तोवर खा.
माझी शाळा इथून तीन मैलांवर.
सकाळी पहिल्या तासाला मी हजर असायचे.
सरहद्द? कुठली सरहद्द?
मध्ये फक्त एक सिग्नल लागायचा.

लाइटवाल्याने उगाच वायर गुंडाळली,
पुन्हा सोडली.

मग माझा सीन.
पहिल्याच टेकला थिया म्हणाली, कट,
हे कसं केलंस?
मान खाली घातलीस ते नाही,
किल्ली सरकवल्यावर टीव्हीचा आवाज वाढवलास, ते.
स्क्रिप्टमध्ये नाही हे.
म्हणालो, हाताला सवय.
सगळे हसले.
लोरेन सोडून.

एकोणीस वर्षं या काउंटरमागे.
मी कुणाला मारलं नाही, विकलं नाही,
बोट लावलं नाही.
टॉवेल जास्त लागले तर जास्त दिले.
एका खोलीला, एका रात्रीत, अकरा टॉवेल.
धुणाऱ्या बाईने विचारलं तर म्हणालो,
आपल्याला काय करायचंय.
हे वाक्य वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालंय
की कुठल्याही कुलपाला लागतं.

शेवटच्या रात्री सामान भरताना लोरेन काउंटरपाशी आली.
वाटलं, आता विचारेल.
तिने विचारलं,
बर्फाचं मशीन कधीपासून बंद आहे?
ऑगस्टपासून, म्हणालो.
ती म्हणाली,
तेव्हाही बंदच असायचं.

सिनेमा मार्चमध्ये दाखवला, वाचनालयाच्या तळघरात.
चाळीस खुर्च्या, चौदा माणसं, थर्मासात कॉफी.
पडद्यावर माझे फक्त हात आले.
किल्ली. मग रिमोट.
मागच्या रांगेत एक बाई कुजबुजली,
हा नट फार चांगला आहे हं.
शेवटी एक फोन नंबर आला, आठ सेकंद थांबला.
मी विजेच्या बिलामागे लिहून घेतला,
अंधारात शेवटचे दोन आकडे एकमेकांवर चढले.

परवा, पावणेदोनच्या सुमाराला, करड्या गाडीतून एक माणूस.
मागच्या बाजूची खोली हवी. रोख.
गाडीत कुणीतरी,
टोपी कपाळावर ओढलेली, पाय सीटवर घेतलेले.
मी म्हणालो, दोघांच्या सह्या लागतात.
असा काही नियम नाही.
तो म्हणाला, ती झोपलीय.
मी पेन उचललं.
पेनाला साखळी आहे, हातभर,
गाडीपर्यंत पुरत नाही.
टीव्ही चालू होता.
रिमोट असतो तिथेच होता.
मी काउंटरची फळी वर उचलली.
एकोणीस वर्षांत तिची बिजागरी
एवढ्या मोठ्याने कुरकुरलेली मी ऐकली नव्हती.