दाखल क्रमांक ३११७

साक्रीचं आमचं वाचनालय 'क' वर्गातलं.
अनुदान वर्तमानपत्रांच्या बिलात संपतं,
उरलं तर ट्यूबलाइट.
तिसऱ्या कपाटात, वाळवीच्या औषधाचा वास लागलेलं
दाखल क्रमांक ३११७:
जात्यावरच्या अहिराणी ओव्या.
जिल्ह्यात दुसरी प्रत नाही, मी फोन करून बघितलंय.

हर्षाली म्हणाली, सर, यात माझी आजी आहे.
पान एक्केचाळीस. कौतिकबाई, राहणार कासारे.
धुळ्याचे प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन आले होते,
दळण संपलं तरी आजीनं
त्यांच्यासाठी जातं रिकामं फिरवलं, पहाटेपर्यंत.
झेरॉक्स करून द्या ना, सगळंच.

मी पहिलं पान उलटलं.
सर्व हक्क स्वाधीन.
प्राध्यापक गेले, बाई गेल्या,
आता हक्क पुण्यातल्या पुतण्याकडे.
तो छापत नाही, छापू देत नाही.
माझ्या दोन पत्रांना मिळून एक ओळ आली:
विचार चालू आहे.
नऊ वर्षं झाली त्या विचाराला.

म्हटलं, पोरी, झेरॉक्स नाही.
पण खुर्ची आहे, पंखा आहे,
वहीत उतरवून घे हवं ते,
आणि इथं बसून वाचायला
कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ती म्हातारीलाच घेऊन आली.
नात वाचत गेली, आजी ऐकत गेली.
मागे नदी, उन्हाळ्यात नुसती वाळू,
नाव मात्र कान.

"मन्हा भाऊनी लाया दारशी दिवा..."
म्हातारीनं हात वर केला.
आसं नई शे ते.
दिवा नई. दावा.
भाऊनी मन्हावर दावा कया व्हता,
बांधवरना आंबाकरता.

नातीचं पेन थांबलं.
'पुस्तकावर खुणा करू नयेत' ही पाटी
माझ्याच अक्षरातली, माझ्याच डोक्यावर.
मी पेन्सिल घेतली,
वेलांटी खोडली,
काना दिला.

म्हातारी बराच वेळ त्या पानाकडे बघत होती,
वाचता येत नसताना.
मग म्हणाली, आते गाऊ का मी?
का तेलेबी कोनले इचारनं पडी?

वर 'शांतता राखा' लिहिलंय.
मी उठून पंखा बंद केला.