दोन बोटं जागा

ट्वीडच्या काठावर मोरॅग
आधी बाह्या तपासते, मग माणसं.
हातमोजा नि बाही यांच्यामध्ये
दोन बोटं कातडी उघडी दिसली
की चिकटपट्टी गुंडाळते, दातांनी तोडून.

हॉगवीड माझ्याहून उंच,
देठावर जांभळे ठिपके, वर पांढऱ्या छत्र्या.
गवताचं यंत्र इथे आणायचं नाही,
चीक उडतो.
फावड्याने मूळ तोडायचं,
वीतभर जमिनीखाली, तिरकं.

चीक लागलेला कळत नाही, ती म्हणते,
ऊन लागलं की कळतं.
तिच्या मनगटावर तपकिरी कडं आहे,
एकवीस वर्षांपूर्वीच्या जुलैतलं.

मी बांगडी काढून डब्यात ठेवली,
हात पुढे केला.
"आज तर ढग आहेत," म्हटलं.
वर न बघता
ती गुंडाळत राहिली.